माहीत नाही म्हणणारी दाई

विचारलेल्या प्रश्नाला गोड उत्तर न देणं हा आमच्या सूनबाईचा जुना दोष. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मला तो कळला. शेजारच्या कमलाकाकूंनी कौतुकानं विचारलं, "काय गं, सासर कसं आहे?" तर ही म्हणते, "अजून कळलं नाही." आता बाई, सासू समोर उभी आहे, हातात चहाचा ट्रे आहे, अशा वेळी "छान आहे" म्हणायला जीभ झिजते का? भात झाला का विचारावं तर "बघून सांगते." पाव्हणे निघाले का विचारावं तर "निघतो म्हणाले होते, निघाले का ते माहीत नाही." मी तानूबाई मगदूम. मिरजेत माझं मिरची-हळदीचं कांडप आहे, आणि तिथल्या बायका मी खोकले तरी सरळ उभ्या राहतात. माझ्याच घरात ही पोरगी मला "माहीत नाही" म्हणते.

पण त्या दिवशी तिनं हद्द केली. इस्पितळात, सगळ्यांच्या देखत, माझ्या विहीणबाईंच्या तोंडावर.

झालं होतं असं, की माझी लेक केतकी सहाव्या महिन्यातच बाळंत झाली. पूर्वी असं झालं की बाया डोळ्याला पदर लावायच्या आणि पुढचं कुणी विचारायचं नाही. आता कुशी आहे. कुशी म्हणजे एक मऊ, आरपार दिसणारी पिशवी. तिच्यात आईच्या पोटातल्यासारखं कोमट पाणी आणि त्या पाण्यात बाळ. नाळेला बारीक नळी जोडलेली असते आणि ती जाते मुठीएवढ्या एका यंत्रात. ते यंत्र बाळाचं रक्त घेतं, त्याला प्राणवायू देतं आणि परत पाठवतं. बाळाला श्वास घ्यायचाच नसतो. दिवस भरेपर्यंत ते तिथंच लाथा मारत, अंगठा चोखत वाढतं.

इस्पितळाच्या दालनात अशा पिशव्या ओळीनं टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर घरची माणसं डबे घेऊन बसलेली. कुणी विणकाम करतं, कुणी पोरीला सगळ्या मावश्यांची नावं सांगतं. एक आजोबा नातवाला क्रिकेटचा स्कोअर सांगायचे आणि गडी बाद झाला की पिशवीसमोरच चुकचुकायचे. प्रत्येक पिशवीच्या उशाशी एक दिवा असतो. तुम्ही जवळ गेलात की दिवा हिरवा होतो आणि आतून बाईचा आवाज येतो, अगदी माहेरच्या माणसासारखा. "बाळ सुखरूप आहे."

हा दिवा, हा आवाज, त्यामागची सगळी अक्कल माझ्या मुलाची, रणधीरची. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याच्या कंपनीत कुशी तयार होते. कांडपात येणाऱ्या एकूण एक बाईला मी हे ऐकवलंय. सूनबाई, म्हणजे शर्वरी, तिथंच कामाला. तिचं मी कुणाला सांगत नसे.

तर विहीणबाई जयसिंगपुराहून आल्या, केतकीसाठी अळिवाचे लाडू घेऊन. पिशवीपुढं उभ्या राहिल्या, नातीला हात जोडले आणि मग शर्वरीकडं वळून म्हणाल्या, "तू तर यातली जाणती. आमचं बाळ कसं आहे गं?"

पिशवीनं तेवढ्यात सांगितलंच होतं. हिनं नुसती री ओढायची होती. ही दिव्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "माहीत नाही."

विहीणबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. केतकी रडायलाच लागली.

"अगं, दिवा हिरवा आहे की!" मी म्हटलं.

"दिव्याचं मला माहीत आहे, आत्या," ती म्हणाली. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "बाळाचं माहीत नाही."

घरी येऊन भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत मी विषय काढला. "रणधीर, तुझी बायको आज काय बोलली ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. ती माझ्या लायब्ररीच्या मागं लागलीय."

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. सी नावाची संगणकाची एक जुनी भाषा आहे. तिच्यात पुन्हा पुन्हा लागणारी कामं एकदाच लिहून ठेवायची, म्हणजे झाली लायब्ररी. रणधीरनं आपल्या लायब्ररीचं नाव ठेवलं होतं दाई. कुशीत बारकी बारकी यंत्रं पुष्कळ. एक ऊब बघतं, एक पाणी बघतं, एक रक्ताची नळी बघतं. दाई या सगळ्यांना सारखी विचारत फिरते, तुझं काय, तुझं काय. जो तो तिला एक आकडा परत देतो. त्या आकड्याला ही मंडळी निरोपांक म्हणतात. शून्य आला म्हणजे ठीक. दुसरा काही आला म्हणजे तक्रार. चौथी शिकलेल्या मला हे कळलं, म्हणजे अवघड नाही.

"मग बरं आहे की," मी म्हटलं. "यात भांडण्यासारखं काय आहे?"

शर्वरीनं ताट सरकवलं. "आत्या, कांडपात तुम्ही डब्यांना चिंध्या बांधता. लाल चिंधी म्हणजे काय?"

"लाल म्हणजे बारीक कांडायचं. हिरवी म्हणजे मीठ घालायचं नाही. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"आणि समजा स्टेशनकडच्या बायकांनी ठरवलं, आमची लाल चिंधी म्हणजे मीठ नको."

"त्यांच्या बापाचं कांडप आहे का? चिंध्या माझ्या. रंग मी ठरवणार."

"दाईत तसं कुणी ठरवलंच नाही," ती म्हणाली. "ऊब बघणाऱ्या गटानं आपली हेडर फाईल केली, पाणीवाल्यांनी आपली, नळीवाल्यांनी आपली. हेडर फाईल म्हणजे प्रोग्रामच्या दारावरची पाटी. आत काय मिळेल आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते त्या पाटीवर लिहायचं. ऊबवाल्यांच्या पाटीवर तीन म्हणजे गार होतंय. नळीवाल्यांच्या पाटीवर तीन म्हणजे जरा थांबा, मोजतोय."

"आणि दाईला तीन मिळाला तर ती काय समजते?"

"जी पाटी तिनं शेवटी वाचली असेल, तिच्यावर असेल ते."

मी रणधीरकडं बघितलं. तो भाकरीकडं बघत होता. "तेवढं मी सांभाळून घेतलंय," तो म्हणाला. "आजवर काही झालेलं नाही."

"आणि शून्य?" तिनं विचारलं.

"शून्याचं काय?"

"आत्या, यांची दाई विचारायला निघण्याआधीच हातावर शून्य लिहून घेते. कुणी वाईट सांगितलं तर ती तो पुसते. पण कुणी काही बोललंच नाही, तार निसटली, मोजणारा मणी, म्हणजे सेन्सर, बंद पडला, तर शून्य तसाच राहतो. आणि दिवा हिरवा."

"अगं, त्याला कारण आहे!" रणधीरचा आवाज चढला. "आई, सुरुवातीला जरा खुट्ट झालं की भोंगा वाजायचा. मोजणारा मणी केसभर सरकला तरी बोंब. आया चक्कर येऊन पडायच्या. डॉक्टर म्हणाले हे आवरा. मग मी ठरवलं, वाईट नक्की कळेपर्यंत चांगलंच सांगायचं. आपल्या घरात नाही का, कुणाचाही फोन आला की आधी 'सगळं छान' म्हणायचं आणि मग काय ते. तूच शिकवलंस."

"बरोबरच शिकवलं," मी म्हटलं. माणसांच्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे.

पण शर्वरी नुसती बोलून थांबलेली नव्हती. तिनं नवी दाई लिहून तयार ठेवली होती. सगळ्या गटांच्या पाट्या उतरवून तिनं एकच पाटी केली. त्या एका हेडर फाईलमध्ये प्रत्येक गटाला आपापली आळी, ऊबवाल्यांचे आकडे एका आळीत, पाणीवाल्यांचे दुसऱ्या, कुणी कुणाच्या आळीत शिरायचं नाही. शून्य चौकात, सगळ्यांचा मिळून एकच, आणि तो ज्यानं खरोखर बघितलं त्यानंच द्यायचा. थांबा म्हणायला वेगळा आकडा. आणि दाई विचारायला निघताना हातावर जे लिहून घेते, तिथं शून्याऐवजी तिनं एक नवाच आकडा ठेवला. त्याचं नाव 'माहीत नाही'. एवढंच नव्हे, कुणी प्रोग्राम लिहिताना निरोप ऐकून न घेता पुढं जायला बघितलं, तर कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, त्याला तिथंच अडवायचा.

सरकारी समितीनं नव्या दाईची तपासणी करून परवानगी दिली होती. चालू पिशवीत ती घालायची तर मात्र घरच्यांची संमती लागायची. रणधीरचं म्हणणं, नव्या पिशव्यांत बघू, सावकाशीनं. शर्वरीचं म्हणणं, केतकीचं बाळ जुन्या दाईच्या भरवशावर आहे, सावकाशीनं कशाला?

केतकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई म्हणेल तसं." जावई मान खाली घालून बसले. विहीणबाई म्हणाल्या, "चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. काही झालं म्हणजे?" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात मोठं असण्याचा मान मी कधी सोडला नाही, पण त्या दिवशी तो जड होता. मी हो म्हणावं आणि पोरीचं काही बरंवाईट व्हावं, मग केतकी जन्मात माझ्याशी बोलली नसती. आणि मी तरी स्वतःशी बोलले असते का?

मी शर्वरीला बाजूला घेतलं. "तुझी दाई घातली की बाळ जगेल, एवढं म्हण. मी आत्ता हो म्हणते."

"ते मला माहीत नाही, आत्या."

"शर्वरे, एकदा तरी! म्हातारीच्या समाधानासाठी!"

"ती न बघता ठीक म्हणणार नाही, एवढंच माहीत आहे." मग म्हणाली, "उद्या कंपनीत चला. सांगत नाही, दाखवते."

दुसऱ्या दिवशी गेले. जिना चढताना मधल्या फरशीवर मी जरा टेकले, तर ही लगेच, "आत्या, छातीत दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय? मी ठीक आहे."

"कधी दाखवलंत?"

"तू गप चढ."

वर एका खोलीत सरावाची पिशवी टांगली होती. कोरडी ठणठणीत. पाणी नाही, नळी नाही, काही नाही. शर्वरीनं मागच्या तारा एकेक उपसून काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ऊब, पाणी, रक्तनळी. सगळ्या तुमच्या हातात आहेत ना? आता पिशवीजवळ जा."

मी गेले. दिवा हिरवा झाला. आणि ती माहेरची बाई म्हणाली, "बाळ सुखरूप आहे."

पिशवीत हवासुद्धा धड नव्हती.

"कुठलं बाळ?" मी त्या यंत्राला विचारलं.

"बाळ सुखरूप आहे."

गोडच बोलली. मी आयुष्यात पुष्कळ खोटारडी माणसं बघितली, पण खोटं बोलताना त्यांची नजर तरी हलते.

मग शर्वरीनं मागची, दाई असलेली डबी काढून दुसरी बसवली. तारा माझ्याच हातात. मी पुन्हा जवळ गेले. दिवा हिरवा झाला नाही, तांबडाही नाही, नुसता पांढरा. आणि आवाज आला, "ऊब माहीत नाही. पाणी माहीत नाही. रक्तनळी माहीत नाही. कुणीतरी येऊन बघा."

"ही तर तुझी सख्खी बहीण!" मी म्हटलं, आणि मला हसूच फुटलं. मागं वळले तर दारात रणधीर उभा. कधी आला होता कोण जाणे. त्याला मी एवढंच म्हटलं, "घाला हीच."

इस्पितळात विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या जबाबदारीवर हं."

"माझ्याच," मी म्हटलं. "मी काय दुसऱ्याच्या जबाबदारीवर जगते?"

जुनी डबी चालू ठेवून शेजारी नवी जोडली आणि हळूच एकीचं काम दुसरीकडं दिलं. बाळानं पाण्यात कूस बदलली, बाकी काही नाही. पण पुढचे काही दिवस जीव नकोसा झाला. दाई सारखी काही ना काही बोलायची. "पाणी मोजतेय, थांबा." "उबेचं माहीत नाही." शेजारच्या पिशव्या गोड बोलायच्या आणि आमची आपली तोंड वर करून माहीत नाही. क्रिकेटवाले आजोबा काळजीनं म्हणाले, "तुमच्या यंत्रात काही खोट आहे का हो?" केतकीनं जेवण टाकलं. विहीणबाईंनी खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ केली. सिस्टर रोझलीन तर दर थोड्या वेळानं उठून यायची आणि माझ्याकडं असं बघायची, जणू ते आकडे मीच लिहिलेत.

शर्वरी मात्र पिशवीशेजारी स्टूल घेऊन बसली आणि ऐकत राहिली. कुठला निरोप कामाचा, कुठला नुसता कुरकुरीचा, ते निवडत गेली. आता प्रत्येक आकड्याचा अर्थ एकच असल्यामुळं निवडता येत होतं. 'थांबा' आला तर बोलायचं नाही, परत विचारायचं. 'माहीत नाही' आला तर आधी दुसऱ्यांदा विचारायचं, आणि तरीही तेच आलं तर मात्र हाक मारायची. तपासणीवाल्या समितीशी फोनवर बोलून ती एकेक गोष्ट पक्की करायची. हळूहळू दाई शांत झाली. तिचं 'ठीक' आता क्वचित ऐकू यायचं, पण आलं की मी लाडू खायचे.

मग ती दुपार आली. केतकीला मी जबरदस्तीनं जेवायला पाठवलं होतं. विहीणबाई खिडकीशी पेंगत होत्या. मी नातीला सांगत बसले होते की ब्याडगी मिरचीनं रंग येतो आणि लवंगीनं डोळ्याला पाणी, तू दोन्ही ओळखायला शिक. ती अंगठा चोखत ऐकत होती. गाल कसे भरलेले. मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, सगळं उत्तम.

दिवा पांढरा झाला. "ऊब ठीक. पाणी ठीक. रक्तनळीचं माहीत नाही. सिस्टर, येऊन बघा."

सिस्टर रोझलीन कंटाळल्यासारखी उठली. बॅटरी लावून नळीवरून बोटं फिरवत आली. एका वळणावर बोटं थांबली. तिचा कंटाळा कुठल्या कुठं गेला. "डॉक्टर पिंजारीमॅडम!" ती दालनभर ओरडली. "पळत या!"

डॉक्टर पळतच आल्या. नळीच्या वळणात काळपट लाल डाळीएवढी गुठळी बसली होती. मोजणारा मणी तिच्यामागं अडकला होता, म्हणून उत्तर येत नव्हतं. दुसरी नळी आधीपासून तयार असतेच. त्यांनी रक्त तिकडं वळवलं आणि ती नळी काढून टाकली. तेवढा वेळ मी विहीणबाईंचा हात धरला होता, का त्यांनी माझा, ते देवाला ठाऊक. मग बाळानं पाय झाडला, चांगला जोरात, पिशवी हलली.

"गुठळी पुढं सरकून यंत्रात गेली असती तर माझ्या हातात काही राहिलं नसतं," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाल्या.

"आणि जुनी दाई असती तर?" मी विचारलं.

रणधीर तोवर येऊन पोचला होता. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला, लॅपटॉप उघडला आणि त्या दुपारी यंत्रांनी जे जे सांगितलं, न सांगितलं, ते सगळं जसंच्या तसं जुन्या दाईला ऐकवलं. आम्ही सगळे त्याच्या मागं उभे.

"बाळ सुखरूप आहे," लॅपटॉपमधून ती गोड बाई म्हणाली.

त्यानं पुन्हा लावलं. "बाळ सुखरूप आहे." पुन्हा. "बाळ सुखरूप आहे."

विहीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "बंद कर रे तिला!"

रणधीरनं लॅपटॉप मिटला. माझा मुलगा माझ्यावरच गेलाय, चूक झाली म्हणायला त्याची मान लवकर वाकत नाही. पण तो उठला, शर्वरीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाटी तुझीच राहील. सगळ्या गटांना मी सांगतो. आजपासून एकही कुशी जुन्या दाईवर बाहेर पडणार नाही, आणि ज्या टांगलेल्या आहेत त्यांच्या घरच्यांना मी स्वतः भेटतो."

त्याला कुणाला भेटायला जावंच लागलं नाही. तो दालनात वळला तर क्रिकेटवाले आजोबा वाट अडवून उभे. "साहेब, आमच्या पिशवीला पण ते 'माहीत नाही' बसवा." त्यांच्यामागं विणकामवाली. तिच्यामागं आणखी माणसं. ज्या शब्दासाठी मी सुनेला घरात बोलत होते, तो शब्द मागायला लोक उभे होते! शर्वरीची तेव्हाची मुद्रा सांगू? भांबावलेली. तिला कुणी असं मागून घेतलेलंच नव्हतं.

बघता बघता त्या दालनातले सगळे दिवे खरे झाले. मग दुसऱ्या गावांच्या इस्पितळांतले झाले. रणधीर सांगतो, आता गाड्यांचे ब्रेक बनवणारे, पुराचे दरवाजे चालवणारे लोकही येतात आणि विचारतात, तुमची ती पाटी दाखवा, शून्य कुणी द्यायचा ते आम्हालाही लिहून घ्यायचंय. मी कांडपात आता हेही ऐकवते, आणि सुनेचं नाव घेऊन ऐकवते.

दिवस भरले आणि एका सकाळी कुशी उघडली. पाणी वाहून गेलं, नाळ कापली. क्षणभर काही नाही. मग माझ्या नातीनं असा टाहो फोडला, की आमची कांडपयंत्रं लाजावीत. केतकी हसतही होती, रडतही होती. जावई भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टर पिंजारी म्हणाल्या, "अभिनंदन, बाळ उत्तम आहे."

विहीणबाईंनी डॉक्टरांना नमस्कार केला, लाडवांचा डबा काखेत धरला आणि थेट शर्वरीपुढं गेल्या. "डॉक्टर म्हणतात उत्तम आहे. तू सांग."

शर्वरीनं हात धुतले. नातीजवळ गेली. कापड बाजूला सारून छातीवर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून ऐकल्यासारखी उभी राहिली. तळपायाला टिचकी मारून बघितली. पापणी वर करून बघितली. आम्ही सगळे ताटकळत. मला ठाऊक होतं, या बाईला घाई करून उपयोग नसतो.

मग ती वळली. "ठीक आहे," म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडून हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. विहीणबाईंनी तिच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. तिला बोलता येईना, म्हणून ती नुसती मान हलवत राहिली.

मी बाकावर बसले. सकाळी जिना चढल्यापासून डाव्या बाजूला काहीतरी दाबल्यासारखं होत होतं. आनंदानंही होतं तसं. होतं का?

"शर्वरे, इकडं ये," मी हाक मारली. चांगली मोठ्यानं, दालनाच्या टोकापर्यंत जाईल अशी. "सगळ्यांच्या देखत सांगते, ऐक. तुला गोड बोलता येत नाही, आणि आता शिकूही नकोस. आपल्या घरात 'ठीक आहे' म्हणायचा मान आजपासून तुझा. तू बघून म्हणेपर्यंत कुणी म्हणायचं नाही, रणधीरनं नाही, मीसुद्धा नाही. पाव्हण्यांना राग आला तर त्यांना माझ्याकडं पाठव. तुला निवडून आणणारी मी आहे, तेवढं मात्र विसरू नकोस. आणि आता हा हात धर, नीट बघ, घाई करू नकोस, आणि मला सांग, मी कशी आहे?"